श्रावण दोनदा आला त्या वर्षीचं पान

नाना, दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजी पिंडापासून मागे सरतात न सरतात तोच एक कावळा आला आणि भाताला चोच मारून उडाला. घाटावरच्या सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारा समाधानाने गेला, त्याचं काही मागे राहिलं नव्हतं. मी मागे, चपला काढल्या होत्या तिथे उभी होते. मला त्या कावळ्याचा राग आला आणि त्या बोलणाऱ्याचा त्याहून जास्त. तुमचं काय राहिलं होतं ते तिथे मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी गप्प उभी होते.

उद्या पुण्याला पर्यावरणाच्या कोर्टात सुनावणी आहे. तुमच्या नावाची केस, आणि तुम्ही नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी हे लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, लिवतेस कशाला, बोल की. बोलायची वेळ होती तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाइप करून घ्यायला. तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझ्यासारखी टायपिंगची पाच-सहा दुकानं आहेत. माझ्याकडे का आलात, तर बाकीच्यांकडे गर्दी होती म्हणून. हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत, माझं मन वगैरे राखायच्या भानगडीत पडला नाहीत. अर्ज साधा होता. सरकारने हवामान बदलाचा आराखडा काढला होता, गुळगुळीत कागदावर, रंगीत नकाशांसकट. त्यात एका पानावर लिहिलं होतं की तुमच्या गावच्या खाडीच्या बांधावरच्या तीन उघाड्या दोन वर्षांत दुरुस्त होतील. दोन वर्षं उलटून गेली होती. तुम्हाला विचारायचं होतं, काम कुठवर आलं.

मी विचारलं, उघाडी म्हणजे काय हो? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं उठून दुसऱ्या दुकानात जाता. मग सांगितलंत. बांधाच्या पोटात झडप असते. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला बाहेरचं आत येऊ देत नाही. झडप कुजली की खाडी गावात. मी रोडपालीत दहा वर्षं राहते, पण माझ्या सोसायटीच्या मागे समुद्र दिवसातून दोनदा येऊन जातो हे मला त्या दिवशी कळलं. मूळची कुठली विचारलंत. सांगलीकडची म्हटल्यावर मान हलवलीत. "तरीच. तुमी घाटावरची मानसं पानी फक्त नलाला बघता."

वही तुम्ही दुसऱ्या खेपेला आणलीत. शाळेतली दोनशे पानी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. तळोज्याच्या कंपनीत नोकरीला होतात तेव्हापासून पाळी संपली की बांधावरून फेरी मारून घरी यायचं आणि वहीत लिहायचं, हा तुमचा नेम. निवृत्त झालात तरी तो सुटला नव्हता. वर वर्ष, खाली महिना, मग तिथी, आणि पुढे पाणी कुठवर आलं: बांधाखाली, देवळाच्या पायरीला, शाळेच्या ओट्याला. शेवटी पाऊस होता की नव्हता. तारीख एकाही पानावर नाही. मी वैतागले. म्हटलं, नाना, सरकारला आणि कोर्टाला तारखा लागतात. तुम्ही शांतपणे चहात बिस्कीट बुडवत म्हणालात, "भरती तारीख बघून येत नाय, बाय. अमावशेला उधान, पुनवेला उधान. मी तारीख लिवून काय करू?"

तेव्हा कामाची वाटणी ठरली. तिथी तुम्ही बघायची, तारखा मी.

ती वाटणीच पुढे नडली. पण त्या दिवसांत मी खुशीत होते हेही सांगायला हवं. मी जन्मभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. कुणाचं आडनाव बदललं, कुणाचा जन्मदाखला हरवला, कुणाच्या भावाने हक्क सोडला. माणसं यायची, सही करायची, जायची. तुमच्या वहीमुळे पहिल्यांदा मी टाइप करता करता थांबून वाचायला लागले. एका उधाणाला तुम्ही मला गावात नेलंत. आकाश कोरडं ठणठणीत आणि शाळेच्या ओट्याला पाणी टेकलेलं. तुम्ही ओंजळ भरून माझ्यापुढे धरलीत, चाख म्हणालात. मी नाक मुरडलं. तुम्ही म्हणालात, बांधाच्या खात्याचा साहेब याला पावसाचा पानी बोलतो, तू चाखून सांग कशाचा हाय. चाखलं. खारट होतं. त्यानंतर मी तुमच्याकडून एका अक्षराचेही पैसे घेतले नाहीत आणि तुम्ही दर वेळी द्यायला काढलेत, यावरून आपली वेगळी भांडणं झाली.

आराखड्याच्या त्या सभेत तुम्ही काय केलंत ते गावात अजून सांगतात. साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते, समुद्राची पातळी, तिवरांची झाडं, उष्णता. प्रत्येक चित्र संपलं की तुम्ही मागच्या खुर्चीवरून एकच शब्द विचारायचात, "कवा?" साहेब म्हणाले, आजोबा, कामं टप्प्याटप्प्याने होतील. तुम्ही म्हणालात, "पानी टप्प्याटप्प्यानं येत नाय, साहेब. येतो तवा आख्खा येतो." लोक हसले, साहेबही हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. घरी जाताना मला म्हणालात, आपन नवीन काय मागायचा नाय. त्यांनीच लिवलाय तेवढा करा, एवढाच बोलायचा. पुढे कोर्टात जायचं ठरलं तेव्हा आपण गाठलेल्या वकीलबाईंनी केस उभी केली ती याच तुमच्या वाक्यावर. सरकारने स्वतःच्या आराखड्यात दिलेला शब्द पाळावा, दुसरं काही नको.

अर्जदार म्हणून नाव एकट्या तुमचं. सह्या अर्ध्या गावाच्या होत्या, पण नाव पुढे करायला कुणी धजेना. कुणाचा मुलगा कंत्राटावर, कुणाचं घर गावठाणाबाहेर. तुम्ही कुणाला दोष दिला नाहीत. माझा काय काढून घेतील, वही? असं म्हणून सही ठोकलीत.

आणि मग वहीतल्या नोंदींचा मी कोर्टासाठी केलेला तो तक्ता. तीन दिवस भांडलो आपण त्याच्यावरून, आठवतंय ना? वकीलबाई म्हणाल्या, तारखांचा एकच रकाना ठेवा, तिथ्या बघून कोर्ट गोंधळेल. मी तिथीचा रकाना काढून टाकला. तुम्ही हट्ट धरलात की राहू दे. "रकाना नसला तर मना कसा कलनार, तू काय लिवलास ते?" मी म्हटलं, मी आहे ना. तुम्ही प्रत्येक पानावर सही केलीत, खाली, वळणदार अक्षरात, एकही तारीख न तपासता. का तपासाल? मी होते ना.

गेल्या महिन्यातल्या त्या सोमवारी खात्याच्या वकिलांनी तक्त्यातलं एकच पान उचललं. म्हणाले, अर्जदार म्हणतात ऑगस्टच्या अखेरच्या या तारखेला शाळेच्या ओट्याला खाडीचं पाणी लागलं होतं. त्याच दिवशी, ऐन भरतीच्या वेळी आमचे अभियंता गावात पाहणीला हजर होते. हा पंचनामा, हे फोटो. फोटोत शाळा होती, ओटा होता, रस्ता कोरडा होता. मग ते तुमच्याकडे वळले आणि फार नम्रपणे म्हणाले की वयोमानाने माणसाची आठवण गल्लत करते, अर्जदारांच्या हेतूबद्दल आमची शंका नाही. ती नम्रता मला चाबकासारखी लागली. तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं आता कवा म्हणाल, काहीतरी बोलाल. तुम्ही टोपी नीट केलीत आणि खाली बसलात.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीपाशी होतात. पळस्प्याला गाडी थांबली. तिथे काही माणसं उतरली, गाडी पुन्हा निघाली, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "मी पानी बघला होता ना?"

मी म्हटलं, हो नाना, बघितलंच असणार. असणार म्हटलं. तुम्ही तो शब्द ऐकलात, मला दिसलं.

बुधवारी संध्याकाळी मी दुकानातली जुनी कॅलेंडरं काढली. मी ती फेकत नाही, एकाच खिळ्यावर एकावर एक टांगलेली असतात. त्या वर्षीचं उघडून श्रावणाचं पान शोधलं. त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. तुमच्या वहीत पानावर नुसतं श्रावण लिहिलं होतं, कारण धोंड्याचा महिना चालू आहे हे तुमच्या घरात काय, गावात कुणालाही सांगायला लागत नव्हतं. पुढचं पान दुसऱ्या श्रावणाचं, पण त्यावर पाण्याची नोंदच नव्हती, म्हणून मी ते तेव्हा न बघता उलटलं होतं. आणि मी, तारखा बघणारी, श्रावणातली पौर्णिमा म्हणजे नारळी पौर्णिमा असं धरून तिची तारीख बेधडक टाइप केली होती. तुम्ही पाणी पाहिलं होतं ते त्याच्या एक महिना आधी, अधिक श्रावणातल्या पौर्णिमेला. मी एक अख्खा महिना गिळला होता. त्याच अधिक महिन्यात मी जावयाला जेवायला बोलावलं होतं, माझ्या हाताने अनारसे तळले होते. तरीही.

मग पंचनाम्यातल्या फोटोत रस्ता कोरडा का होता, तेही लख्ख झालं. तुम्हीच मागे सांगितलं होतंत, अधिक महिन्यात पाणी आल्यावर तुम्ही आणि गावच्या बाप्यांनी चिखलात उतरून उघाडीच्या भोकात वाळूच्या गोण्या दाबल्या होत्या. म्हणून दुसऱ्या उधाणाला गाव वाचलं. खात्याचे अभियंता आले आणि तुमच्या गोण्यांनी कोरडा ठेवलेला रस्ता तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून घेऊन गेले. खोटं कुणीच बोललं नव्हतं. अभियंता नाही, तुम्हीही नाही. चुकली होती ती एकटी मी.

मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अजून कुणाला सांगू नका, नानांना तर मुळीच नको. नानांच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत गावाला कळेल आणि सकाळी खात्याला. मी आधी ठरवते काय करायचं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटायला फार सोयीचं होतं.

गुरुवारी तुम्ही आलात. मी छापून काढलेला कॅलेंडरचा कागद टेबलावर होता, त्यावर मी हात ठेवला. तुम्ही चहा घेतलात, पण बिस्कीट तसंच ठेवलंत. म्हणालात, तीन रात्री विचार करतोय, मोतीबिंदू वाढला होता तेव्हा, काय की, दुसऱ्या कुठल्या वर्षीचा पानी त्या वर्षात लिवला असंल. मग म्हणालात, "ता पान फाडून टाक, बाय. एका पानानं आख्खी वही खोटी नको ठराया."

नाना, तुमच्या वहीतला एक शब्द इकडचा तिकडे करू म्हटलं तर तुम्ही माझ्यावर डोळे वटारायचात. तुम्ही मला पान फाडायला सांगत होतात. माझ्या हाताखाली तुमचा खरेपणा पडला होता, नुसता हात उचलायचा होता. मी म्हटलं, बघते, नाना. तेवढ्यात एक जोडपं भाडेकराराचं काम घेऊन आलं. तुम्ही उठलात, खुर्ची त्या बाईकडे सरकवलीत आणि गेलात. मी भाडेकरार टाइप केला. त्यात एकही चूक झाली नाही.

रविवारी दुपारी जेवून ओट्यावर आडवे झालात ते उठलाच नाहीत. बाळारामचा, तुमच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा काय विचार केला सांगू? अजून सांगितलं नव्हतं. रडू त्यानंतर आलं.

गावात आता दोन प्रकारची माणसं आहेत. एक म्हणतात, नानाला कोर्टाने घालवलं. दुसरे म्हणतात, म्हातारा मनानेच लिहायचा, म्हणून तोंडावर पडला. दुसरे हळू बोलतात, पण बाळारामच्या कानावर जातंच. अर्जदार गेला की त्याच्या जागी वारसाचं नाव लावावं लागतं, नाहीतर केस तिथेच संपते. बाळाराम सही द्यायला टाळत होता. मला दोनदा म्हणाला, ताई, बाबा शेवटाला खोटे ठरले, आता परत मी कशाला उभा राहू? वकीलबाईंचं म्हणणं सरळ होतं. ते एक पान मागे घेऊ, मुलाची सही घेऊ, पुढे जाऊ. चुकीची कबुली दिलीत तर ते विचारतील, एक महिना गाळणाऱ्या बाईने बाकीच्या वर्षांचं काय केलं असेल? वकील म्हणून त्यांचं बरोबर आहे. त्या केस वाचवत आहेत आणि मलाही ती वाचायलाच हवी आहे. तीन उघाड्या, नाना. पुढचं उधाण कुणाच्या सुतकासाठी थांबणार नाही.

पण ते पान मागे घेणं म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं होतं हे आपण सही करून मान्य करणं. ते मला जमेना. तुमचं दहावं झालं त्या दिवसापासून मी दुकान दुपारीच बंद करून वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासली, कॅलेंडर शेजारी ठेवून, नोंद न् नोंद. बाकी सगळं बरोबर निघालं. चुकलं ते एकच पान. नवीन तक्ता केला आणि तिथीचा रकाना घातला, सगळ्यात आधी, तारखेच्याही डावीकडे. ते भांडण तुम्ही जिंकलात. मग माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. एवढं वाक्य मी हजारदा टाइप केलं असेल, पण 'मी'च्या पुढे माझं नाव कधी आलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, करायचंच असेल तर करा, पण चूक कधी लक्षात आली ते लिहू नका, ते कुणी विचारलेलं नाही. मी लिहिलं. सदर चूक बुधवारी माझ्या लक्षात आली. गुरुवारी अर्जदार मला भेटले. मी त्यांना ती सांगितली नाही. रविवारी अर्जदार मयत झाले.

काल ते घेऊन तुमच्या घरी गेले. बाळाराम पाळीवरून नुकताच आला होता, नानी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, दोन श्रावण, माझा रकाना, माझी तारीख. बाळारामला वाटलं मी आत्ताच शोधून काढलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणजे बाबा बरोबर होते, म्हणाला. दोनदा म्हणाला. मी तिथे थांबू शकले असते. सही मिळाली असती, वरून आभारही. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, खालचा परिच्छेद वाच.

त्याने वाचला. मान वर केली नाही. नानींनी विचारलं, काय लिवलाय? त्याने मोठ्याने वाचून दाखवला, त्यातल्या गुरुवार-रविवारसकट.

नानींनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चार रोज जेवले नव्हते नीट. मना बोलायचे, माझा डोका गेला बहुतेक." आणि पदर डोक्यावरून ओढून त्या आत गेल्या. मला वाटलं त्या बाहेर येतील, रागावतील, हाकलतील. त्या आल्या नाहीत. आत भांडी लावल्याचा आवाज येत राहिला.

बाळारामने पेन मागितलं. वारसाच्या अर्जावर सही केली, तुमच्यासारखीच, खाली, वळणदार. प्रत्येक पान वाचून केली. मग कागद माझ्या हातात दिले आणि दाराकडे बघत म्हणाला, "परवा येतो मी पुन्याला. पन तुमच्या बाजूला नाय बसनार."

मी म्हटलं, बरं.

सहाची एसटी कळंबोलीहून आहे. एकाच गाडीत असू, तो पुढे कुठे, मी मागे कुठे. खात्याचे वकील उद्या मला उभं करतील आणि विचारतील, बाई, तुम्हाला हे कधी कळलं? मला दिवस सांगावा लागेल, आणि तो बाळारामसमोर पुन्हा एकदा सांगावा लागेल. मी सांगेन. केस टिकेल की जाईल, मला माहीत नाही. झोप येणार नाही एवढं माहीत आहे.

तुम्ही पाणी पाहिलं होतं, नाना. अधिक श्रावण, पौर्णिमा, शाळेच्या ओट्याला, पाऊस नाही. हे मी तुम्हाला गुरुवारी सांगायला हवं होतं.